जे टिकले, त्यांचीच टक्केवारी

एका शाळेचे उदाहरण घेऊ. दहावीच्या वर्गात गणितात कच्ची असलेली ३० मुले निवडून शाळेने त्यांच्यासाठी सकाळचे जादा तास सुरू केले. पहिल्या आठवड्यात तिसांच्या तिसजण आले. दिवाळीनंतर २० उरले आणि पूर्वपरीक्षेपर्यंत १२. या १२ पैकी ११ मुले गणितात उत्तीर्ण झाली. शाळेच्या वार्षिक अहवालात वाक्य आले : 'जादा तासांचा पूर्ण लाभ घेतलेल्या विद्यार्थ्यांचा निकाल ९२ टक्के.'

हे वाक्य खोटे नाही. तरीही ते वाचून जादा तासांचा उपयोग किती झाला, हे मुळीच कळत नाही. मध्येच गळालेल्या १८ मुलांचे काय झाले? जी १२ मुले टिकली, ती कडाक्याच्या थंडीत पहाटे उठून येणारी होती. जादा तास नसते, तरी त्यांच्यापैकी कितीजण आपल्या जिद्दीवर पास झाले असते? अशी वाक्ये आपल्यापैकी अनेकांनी लिहिली आहेत. आम्हीही लिहिली आहेत. त्यात फसवण्याचा हेतू नसतो. समोर असलेली मुले आपण मोजतो आणि नसलेली मोजायची राहून जातात.

शाळेत या चुकीची किंमत थोडी असते. पण हीच चूक तुरुंगातील व्यसनमुक्ती कार्यक्रमांच्या बाबतीत झाली, तर कोट्यवधी रुपये भलतीकडे जातात आणि काही माणसे प्राणांना मुकतात. या लेखात आपण तुरुंगातील दारू व मादक पदार्थांच्या उपचारांचे मूल्यमापन कसे करतात, ते पाहणार आहोत. उदाहरणे बहुतेक अमेरिकेतील आहेत, कारण असे उपचार मोठ्या प्रमाणावर चालवून त्यांच्या नोंदी काळजीपूर्वक ठेवण्याचे काम तेथे दीर्घकाळ झाले आहे. मात्र त्यामागील तर्क कोणत्याही देशाला, आणि कोणत्याही शाळेला, लागू पडणारा आहे.

भिंतींच्या आतले आणि बाहेरचे

व्यसन आणि तुरुंग यांचा संबंध जवळचा आहे. नशेत केलेली मारहाण, नशेसाठी केलेली चोरी, मादक पदार्थांची विक्री अशा अनेक वाटांनी व्यसनी माणूस तुरुंगात येतो. शिक्षा संपते, तो बाहेर पडतो, पुन्हा व्यसन सुरू होते आणि काही महिन्यांत तो पुन्हा आत येतो. हे चक्र तोडायचे असेल तर माणूस ताब्यात असतानाच उपचार करावेत, हा विचार साहजिक आहे.

१९३५ साली अमेरिकेच्या केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे सरकारने असे एक मोठे रुग्णालय उघडले. तेथे व्यसनी कैदी पाठवले जात आणि काही रुग्ण स्वतःहूनही येत. शेती, गोठा, कारखाना अशी कामे, मोकळी हवा आणि डॉक्टरांची देखरेख अशी योजना होती. रुग्णालयात असेपर्यंत बहुतेकजण नीट राहत. पण हंट आणि ओडोरॉफ या संशोधकांनी तेथून न्यू यॉर्क शहरात परतलेल्या सुमारे १,९०० रुग्णांचा माग काढून १९६२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ९० टक्के लोक पुन्हा व्यसनात सापडले होते, आणि तेही बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत.

यातून मूल्यमापनाचा पहिला धडा मिळाला. माणूस आत असताना कसा वागतो, यावरून उपचाराचे यश ठरत नाही. ते मोजायचे असेल तर त्याच्यामागे भिंतीबाहेर जावे लागते, आणि बराच काळ जावे लागते.

२७ विरुद्ध ७५

पुढे तुरुंगांत वेगळ्या पद्धतीचे उपचार सुरू झाले. त्यांना 'थेरप्यूटिक कम्युनिटी' म्हणतात. आपण त्यांना उपचार-वसाहत म्हणू. तुरुंगाचा एक वेगळा भाग राखून ठेवतात. तेथे व्यसनी कैदी नऊ महिने ते वर्षभर एकत्र राहतात. सकाळची सभा, नेमून दिलेली कामे, गटात बसून एकमेकांना विचारलेले परखड प्रश्न असा दिनक्रम असतो. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसे मार्गदर्शक म्हणून काम करतात. सुटकेनंतरही काही महिने अशाच एखाद्या निवासात राहण्याची सोय असते.

कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळच्या डोनोव्हन तुरुंगात १९९० साली 'ॲमिटी' नावाची अशी वसाहत सुरू झाली. तिच्या मूल्यमापनाचे तीन वर्षांचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. तुरुंगातील उपचार आणि सुटकेनंतरचा निवासी उपचार असे दोन्ही टप्पे पुरे करणाऱ्यांपैकी २७ टक्के लोक तीन वर्षांत पुन्हा तुरुंगात आले होते. इतरांमध्ये हेच प्रमाण ७५ टक्के होते.

२७ आणि ७५! कोणाही मंत्र्याला, अधिकाऱ्याला किंवा संपादकाला भुरळ पडावी असे हे आकडे आहेत. पण आपण आपला जादा तासांचा अहवाल आठवू या. हे २७ टक्के कोणाचे आहेत? उपचार सुरू केलेल्या सर्वांचे नाहीत. आतला टप्पा पुरा करून, दार उघडल्यावर घरी किंवा जुन्या मित्रांकडे न जाता पुन्हा नियमांच्या निवासात राहायला कबूल झालेल्या आणि तेथेही शेवटपर्यंत टिकलेल्या लोकांचे आहेत. अशा माणसाच्या अंगी निश्चय आधीच असतो. कदाचित घरची माणसे वाट पाहत असतात, कदाचित वय उतरणीला लागलेले असते. त्याच्या यशातला किती वाटा उपचाराचा आणि किती त्याच्या निश्चयाचा, हे या दोन आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. संख्याशास्त्रात याला 'निवडीचा दोष' म्हणतात.

टेक्सासचे गणित

हा दोष किती मोठा असू शकतो, हे त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मूल्यमापनातून दिसते. टेक्सास राज्यात कायल येथे राज्य सरकारच्या खर्चाने चालणारी तेथील पहिली उपचार-वसाहत होती. तेथे उपचार घेतलेले २९१ कैदी आणि उपचार न घेतलेले १०३ कैदी यांच्यावर सुटकेनंतर तीन वर्षे लक्ष ठेवण्यात आले. तीन वर्षांत पुन्हा तुरुंगात आलेल्यांचे प्रमाण असे होते :

सुटकेनंतरचा टप्पाही पुरा करणारे (१६९ जण) : २५ टक्के
सुटकेनंतरचा टप्पा अर्धवट सोडणारे (१२२ जण) : ६४ टक्के
उपचार न घेतलेले (१०३ जण) : ४२ टक्के

पहिली आणि तिसरी ओळ वाचली, तर उपचाराने मोठे काम केले असे वाटते. आता दुसऱ्या ओळीकडे पाहा. उपचार अर्धवट सोडणाऱ्यांची स्थिती उपचार न घेतलेल्यांपेक्षा वाईट आहे. मग अर्धवट उपचाराने माणूस बिघडतो, असे म्हणायचे का? तसे नसावे. जे मूळचेच कठीण होते, ते गळाले आणि एका ओळीत जमा झाले. जे मूळचे बरे होते, ते टिकले आणि दुसऱ्या ओळीत जमा झाले. उपचार न घेतलेल्या १०३ जणांत दोन्ही प्रकारची माणसे मिसळलेली आहेत, म्हणून त्यांचा आकडा मधला आहे.

आता सातवीच्या मुलालाही येईल असे एक गणित करू. १६९ चे २५ टक्के म्हणजे सुमारे ४२. १२२ चे ६४ टक्के म्हणजे सुमारे ७८. बेरीज १२०. उपचार घेतलेल्या २९१ पैकी १२० जण परत आले. म्हणजे ४१ टक्के. उपचार न घेतलेल्यांचे प्रमाण ४२ टक्के.

'२५ विरुद्ध ४२' हा फरक '४१ विरुद्ध ४२' एवढा झाला. एकही आकडा बदललेला नाही. आपण फक्त गळालेल्यांना पुन्हा मोजणीत आणले. यावरून उपचार निरुपयोगी आहे, असेही लगेच सिद्ध होत नाही. हे १०३ जण चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. ते मुळातच थोडे सोपे असू शकतील, आणि तसे असेल तर खरा परिणाम या गणितात झाकला गेला असेल. परंतु २५ टक्क्यांच्या बळावर ज्या यशाचा दावा करता आला असता, त्याला आधार उरत नाही, एवढे मात्र नक्की.

वर्गात करून पाहा

निवडीचा दोष समजावून सांगण्यापेक्षा करून दाखवणे सोपे आहे. पुढील प्रयोगाला एक नाणे, काही फासे आणि ७२ चिठ्ठ्या पुरतात. वर्गात ३६ मुले असतील, तर प्रत्येकाने दोन चिठ्ठ्या घ्याव्यात. व्यसनाचा विषय लहान वर्गात नको वाटला, तर 'उन्हाळी वर्ग' किंवा 'व्यायामशाळा' असे नाव द्यावे.

१. प्रत्येक चिठ्ठीसाठी नाणे उडवा. छाप आला तर चिठ्ठीवर 'चिकट' लिहा, काटा आला तर 'उडाणटप्पू'. साधारण ३६-३६ अशी वाटणी होईल.

२. आता सर्वांना उपचार द्या. उपचार म्हणून गुरुजींनी फळ्यावर एक रेघ ओढावी. या उपचाराचा काहीही उपयोग नाही, हे सर्वांना ठाऊक असू द्या.

३. उपचार कोण पुरा करतो, हे फाशाने ठरवा. चिकट चिठ्ठीला १ ते ५ पैकी काही पडले तर ती टिकली. उडाणटप्पू चिठ्ठी १ किंवा २ पडले तरच टिकली. बाकीच्या गळाल्या.

४. पुन्हा फासा टाका. चिकट चिठ्ठी १ पडला तरच 'परत तुरुंगात'. उडाणटप्पू चिठ्ठी १ ते ५ पडले तर 'परत तुरुंगात'. टिकलेल्यांना येथे कोणतीही सवलत नाही.

५. टिकलेल्या आणि गळालेल्या चिठ्ठ्यांची परतीची टक्केवारी वेगवेगळी काढा. मग सर्वांची एकत्र काढा.

अपेक्षित उत्तर असे येते. टिकलेल्या सुमारे ४२ चिठ्ठ्यांपैकी १५ परत, म्हणजे ३६ टक्के. गळालेल्या ३० पैकी २१ परत, म्हणजे ७० टक्के. सर्वांची मिळून ७२ पैकी ३६, म्हणजे ५० टक्के. फाशांचा खेळ असल्याने आपल्या वर्गात आकडे थोडे पुढेमागे होतील. पण फळ्यावरच्या एका रेघेने ७० चे ३६ 'करून दाखवले', हे पाहून मुले हसतात आणि मग विचारात पडतात. त्या क्षणी त्यांना विचारावे : उपचार न दिलेल्या ७२ चिठ्ठ्या असत्या, तर त्यांपैकी किती परत आल्या असत्या? उत्तर अर्थातच निम्म्या.

मग खरे उत्तर कसे काढायचे?

सर्वांत चांगला मार्ग चिठ्ठ्यांचाच आहे. उपचाराच्या जागा थोड्या आणि इच्छुक जास्त, ही स्थिती बहुतेक तुरुंगांत असते. अशा वेळी इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवड करावी. ज्यांचे नाव निघाले त्यांचा उपचार गट, उरलेल्यांचा तुलनागट. दोन्ही गटांत निश्चयी आणि चंचल, तरुण आणि प्रौढ माणसे सारख्याच प्रमाणात येण्याची शक्यता असते. हे अन्यायाचे आहे, असे काहींना वाटते. पण जागाच कमी असतील, तर वशिल्यापेक्षा चिठ्ठी अधिक न्यायाची.

पुढचा नियम तितकाच महत्त्वाचा. ज्याची चिठ्ठी ज्या गटात पडली, त्याला शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचे. त्याने उपचार दुसऱ्या दिवशी सोडला, तरीही.

ॲमिटीच्या बाबतीत निवड खरोखरच अशी झाली होती. इच्छुकांमधून यदृच्छेने निवडलेल्यांना उपचार मिळाला आणि उरलेल्यांचा तुलनागट झाला. त्यामुळे गळालेल्यांसह संपूर्ण उपचार गटाची तुलना करणे शक्य झाले. पाच वर्षांनंतरचे हे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. उपचार गटातील सुमारे ७६ टक्के लोक पुन्हा तुरुंगात आले होते, तर तुलनागटातील ८३ टक्के. हा फरक शंभरात सातांचा आहे. २७ आणि ७५ यांच्यातील ४८ चा फरक पाहिल्यावर तो किरकोळ वाटतो. पण हा फरक खरा आहे. शंभरातील सात माणसे, जी एरवी परत आली असती, ती आली नाहीत.

चिठ्ठ्या टाकणे शक्य नसेल, तेव्हा संख्याशास्त्राची मदत घ्यावी लागते. अमेरिकेच्या केंद्रीय तुरुंग विभागाने २० तुरुंगांतील निवासी उपचार घेतलेल्यांची तुलना उपचार न घेतलेल्या कैद्यांशी केली. वय, पूर्वीचे गुन्हे, व्यसनाची तीव्रता यांतील फरक लक्षात घेतले गेले. निवडीच्या दोषाचा अंदाज बांधून तोही वजा करण्यात आला. सुटकेनंतर तीन वर्षांत उपचार न घेतलेल्या पुरुषांपैकी ५२.५ टक्के पुन्हा पकडले गेले किंवा त्यांची सवलतीची सुटका रद्द झाली. उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ४४.३ टक्के होते. येथेही फरक शंभरात आठांच्या आसपासच आहे. प्रामाणिकपणे मोजलेले यश बहुधा असेच साधे दिसते. कोणी शंभरात पन्नासांचा फरक सांगू लागला, तर गळालेली माणसे कोठे गेली, हे आधी विचारावे.

काय मोजायचे?

मोजणी कोणाची, हे ठरल्यावर मोजायचे काय, हा प्रश्न उरतो. माणसाला विचारले तर तो खरे सांगेलच असे नाही, विशेषतः उत्तरावर त्याची मोकळीक अवलंबून असेल तर. लघवीच्या तपासणीत हेरॉइनचा माग साधारण दोन-तीन दिवसच सापडतो. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे तीन सेंटिमीटर केसांत मागच्या तीन महिन्यांची नोंद मिळू शकते. दारूचा अंश तर शरीरातून बहुधा दिवसभरात निघून जातो.

'पुन्हा तुरुंगात' ही मोजणी सोपी, पण तीही निर्दोष नाही. सुटकेनंतर उपचार घेणाऱ्यावर देखरेख जास्त असते. तपासणीत दोष आढळला म्हणून तो परत पाठवला जातो. दुसरा तेवढीच नशा करत असतो, पण त्याला कोणी तपासत नाही. म्हणून नवा गुन्हा आणि नियमभंग यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्या लागतात. एकाच मापावर विसंबू नये, हे परीक्षेच्या गुणांबाबत आपल्याला ठाऊक असलेले तत्त्व येथेही खरे आहे.

सुटकेनंतरचे पंधरा दिवस

आतापर्यंत आपण परत येणाऱ्यांचा विचार केला. परंतु काही माणसे परत येत नाहीत, कारण ती जिवंतच राहत नाहीत. केवळ 'पुन्हा तुरुंगात' हे माप लावले, तर असा मृत माणूस यशस्वी लोकांत मोजला जाण्याचा धोका असतो!

हे मृत्यू कसे होतात? हेरॉइन, म्हणजे आपल्याकडे गर्द या नावाने ओळखली जाणारी नशा, मेंदूतील श्वसनाचे नियंत्रण करणाऱ्या भागावरही काम करते. रोज घेणाऱ्याच्या शरीराला तिची सवय होते आणि त्याला अधिकाधिक मात्रा लागते. तुरुंगात काही महिने ती मिळाली नाही की ही सवय मोडते. मनातील ओढ मात्र जात नाही. बाहेर आल्यावर माणूस जुन्या सवयीने जुनीच मात्रा घेतो. शरीर आता नवख्याचे झालेले असते. श्वास मंदावतो आणि थांबतो.

वॉशिंग्टन राज्यातील तुरुंगांतून १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या ३०,२३७ लोकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या जवळजवळ १३ पट होता. मादक पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका तर १२९ पट होता.

त्यामुळे तुरुंगातच मेथाडोनसारखे औषध सुरू करावे, हा विचार पुढे आला. हे औषध हेरॉइनच्याच जातीचे असले, तरी त्याचा परिणाम सावकाश आणि दीर्घकाळ होतो. ठरलेल्या मात्रेत रोज दिले असता ओढ शमते आणि शरीराची सवयही पूर्णपणे मोडत नाही. बाल्टिमोर शहरात २०० हून अधिक कैद्यांवर याचा प्रयोग झाला. चिठ्ठ्यांच्या पद्धतीने तीन गट पाडले. पहिल्याला तुरुंगात फक्त समुपदेशन, दुसऱ्याला समुपदेशन आणि सुटताच बाहेरच्या मेथाडोन केंद्रात प्रवेश, तिसऱ्याला तुरुंगातच मेथाडोन सुरू करून बाहेर ते चालू ठेवण्याची सोय. वर्षभराने लघवीच्या तपासणीत हेरॉइनसारख्या पदार्थांचा अंश सापडण्याचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ६६, ४९ आणि २५ टक्के होते. हे आकडे टिकलेल्यांना वेगळे काढून मिळवलेले नाहीत. गट चिठ्ठ्यांनीच पाडलेले होते, म्हणून त्यांचे वजन जास्त.

ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्समध्येही तुरुंगातील मेथाडोनचा प्रयोग झाला. त्यातील ३८२ पुरुषांवर पुढे चार वर्षे लक्ष ठेवले असता १७ मृत्यू नोंदले गेले. ते सर्व मेथाडोन चालू नसलेल्या काळात झाले. उपचार चालू असताना एकही नाही. येथे मात्र आपला जुना प्रश्न विसरू नये. उपचारावर टिकून राहणारे मूळचेच जपून वागणारे असू शकतील. ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ साली आपल्या तुरुंगांत अशी औषधे देण्यास सुरुवात केली. नुकत्याच सुटलेल्या लोकांचे अतिमात्रेने झालेले मृत्यू २०१६ च्या पहिल्या सहा महिन्यांत २६ होते. २०१७ च्या त्याच काळात ते ९ झाले. येथेही तुलना 'आधी आणि नंतर' अशी आहे. त्या वर्षात इतर काही बदलले असेल, तर त्याचाही वाटा असू शकेल. पण वेगवेगळ्या पद्धतींनी, वेगवेगळ्या देशांत केलेल्या मोजण्या एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की विश्वास वाढतो. विज्ञानात खात्री बहुधा अशीच येते.

चुकीच्या मोजणीची किंमत

ॲमिटीच्या सुरुवातीच्या आकड्यांनंतर कॅलिफोर्नियात तुरुंगातील उपचारांचा मोठा विस्तार झाला. २००७ साली त्या राज्याच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला, तो कठोर होता. १९८९ पासून या कार्यक्रमांवर १०० कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला होता आणि पुन्हा तुरुंगात येणाऱ्यांच्या संख्येवर त्याचा परिणाम दिसत नव्हता. दोन सर्वांत मोठ्या कार्यक्रमांतील लोकांचे एका वर्षातील परतीचे प्रमाण तर तुलनागटापेक्षा किंचित जास्तच होते. मूल्यमापनाचे अहवाल हाती येत असूनही दोष दुरुस्त झाले नव्हते.

मात्र 'तुरुंगात व्यसनमुक्ती होतच नाही' असे यावरून म्हणणे ही उलट दिशेची चूक ठरेल. २०१२ साली तुरुंगातील उपचारांच्या ७४ मूल्यमापनांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात उपचार-वसाहतींचा परिणाम मध्यम, पण सातत्याने दिसला. लष्करी शिस्तीच्या शिबिरांचा परिणाम दिसला नाही. म्हणजे काही उपचार थोडे चालतात, काही चालत नाहीत, आणि कोणते चालतात हे मोजल्याशिवाय कळत नाही. फुगवलेल्या आकड्यांवर उभा केलेला कार्यक्रम एक दिवस कोसळतो आणि तो कोसळताना खऱ्या, पण साध्या यशालाही बरोबर घेऊन जातो.

आपल्या देशात दिल्लीच्या तिहार तुरुंगात २००८ साली ब्युप्रेनॉर्फिन या औषधाने उपचार सुरू झाले. अशा कार्यक्रमांच्या बातम्या पुढेही येत राहतील. बातमी वाचताना आपण आणि आपल्या विद्यार्थ्यांनी चार प्रश्न विचारावेत. सुरुवात किती जणांनी केली होती? त्यांची तुलना कोणाशी केली, आणि तो गट कसा निवडला? सुटकेनंतर किती काळ लक्ष ठेवले? काय मोजले, आणि जे सापडले नाहीत किंवा मरण पावले त्यांना कोणत्या रकान्यात घातले?

हे चार प्रश्न मुलांना पाठ करून देऊ नयेत. चिठ्ठ्यांचा खेळ झाल्यावर ते मुले आपोआप विचारतात. मग शाळेचा वार्षिक अहवाल लिहिण्याची वेळ येते. हजेरीपट उघडावा आणि जूनच्या पानावर जेवढी नावे आहेत, तेवढी सगळी मोजावीत. तिसांपैकी ११ मुले जादा तास पुरे करून उत्तीर्ण झाली. गळालेल्या १८ पैकी किती झाली, तेही लिहावे. कदाचित निकाल ९२ टक्के दिसणार नाही. पण पुढच्या वर्षी तास सकाळी ठेवावेत की दुपारी, आणि दिवाळीनंतर मुले का येईनाशी होतात, हे शोधायला सुरुवात त्या आकड्यापासूनच करता येईल.